समोरच्या आजींनी आमच्या दाराकडे तोंड करून आरसा टांगलाय! (फेंगशुई, हाँगकाँग)

पागोळी | शुक्रवार, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही जूनमध्ये पुण्याहून हाँगकाँगला आलो. तुंगचुंगला, विमानतळाजवळ, एकतिसाव्या मजल्यावर घर मिळालंय. (लिफ्टमध्ये ४, १४ आणि २४ ही बटणंच नाहीत, म्हणजे खरा मजला अठ्ठाविसावा. भाडं मात्र एकतिसाव्याचं.) मजल्यावर आठ घरं, आणि आमच्या दाराच्या अगदी समोर एक आजी एकट्या राहतात. दोन दारांत जेमतेम पाच फुटांचं अंतर. त्यांच्या दाराबाहेर जमिनीलगत लाल रंगाचं छोटंसं देवस्थान आहे. रोज सकाळी तीन उदबत्त्या, कधी दोन संत्री. मला ते फार आवडायचं. दार उघडलं की माहेरच्या देवघरासारखा वास.

तर गेल्या महिन्यात त्यांच्या चौकटीवर एक आठकोनी आरसा आला. लाल-हिरवी-पिवळी लाकडी चौकट, आठ बाजूंना तीन-तीन रेघा, काही सलग, काही मधे तुटलेल्या, आणि मधोमध वाटीएवढा गोल आरसा, बाहेर फुगलेला. मी माझ्या दारात उभी राहिले की त्यात मी दिसते, बुटकी आणि जाडी, आणि माझ्या मागे माझं अख्खं घर.

नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण म्हणाला की हा आरसा वाईट शक्ती परतवून लावायला असतो. म्हणजे ती वाईट शक्ती कोण? आम्ही? सासूबाई सध्या इथेच आहेत. त्यांनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दारावर लिंबू-मिरची लटकली. आता दोन्ही दारं एकमेकांकडे डोळे वटारून उभी आहेत.

मला कँटनीज येत नाही, आजींना इंग्रजी येत नाही. याचा राग मानायचा, की सोडून द्यायचं? कोणाला असा अनुभव?


काडेपेटी | रात्री १०.५५

तुम्ही पण एक आरसा लावा. मग ती वाईट शक्ती मधल्या पाच फुटांत कॅरमच्या स्ट्रायकरसारखी इकडून तिकडे आपटत बसेल आणि शेवटी दमून लिफ्टने खाली जाईल.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.


ठोकळा | रात्री ११.०३

लिंबू-मिरची लावणाऱ्यांनी आरशाला नावं ठेवू नयेत. एवढंच.


रेतीबंदर | रात्री ११.४०

पागोळीताई, आधी घाबरू नका. मी इथे १९९९ पासून आहे, तीन घरं बदलली, तिन्ही ठिकाणी आसपास कुठे ना कुठे असा आरसा होताच. इथले लोक त्याला पात-क्वा म्हणतात. त्या रेघा म्हणजे आकाश, पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा, मेघगर्जना, डोंगर आणि सरोवर यांची आठ चिन्हं. फुगलेला आरसा परतवतो, खोलगट आरसा शोषून घेतो. तुमच्या समोरचा परतवणारा आहे. पण काय परतवणारा, हे तुम्हाला वाटतं तेवढं सरळ नसतं. बहुतेक वेळा माणसाशी त्याचा संबंधच नसतो. एखादा कोपरा, खांब, समोरून सरळ येणारा रस्ता, इस्पितळ, असलं काहीतरी असतं.

आपल्याकडे आपण ‘फेंगशुई’ म्हणतो ते मँडरिनवरून घेतलेलं. इथे कँटनीजमध्ये ‘फुंग सोय’च्या जवळपास ऐकू येतं. फुंग म्हणजे वारा, सोय म्हणजे पाणी. ते बघणारा तो ‘सिफू’. सुताराला, स्वयंपाक्यालाही सिफूच म्हणतात, त्यामुळे शब्दाला फार वलय नाही. आपल्या ‘उस्ताद’सारखा.

आमच्या ऑफिसची जागा बदलली तेव्हा मी सिफू जवळून पाहिला. झब्बा-बिब्बा नाही, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि कंबरपट्ट्याला मोबाइल. पिशवीतून त्याने ‘लो-पुन’ काढलं. ताटलीएवढी लाकडी तबकडी, मधे पेराएवढी सुई, तिच्याभोवती एकात एक अक्षरांची वर्तुळं आणि वरून दोन लाल दोरे फुलीसारखे ताणलेले. दोरा जिथे पडेल ते अक्षर वाचायचं. दिशा आठ नाहीत, चोवीस, प्रत्येकी १५ अंशांची. आणि सुई उत्तरेवर नाही, दक्षिणेवर वाचतात. तासाभराने निकाल लागला: साहेबांची खुर्ची भिंतीला पाठ लावून, झेरॉक्स यंत्र बाहेर आणि दाराजवळ माशांची टाकी. माशांना खायला घालायचं काम माझ्याकडे आलं. नऊ वर्षं केलं. माशांचं चांगलं चाललं होतं, कंपनीचं ठीकठाक.

अजून एक. तुमच्या सासूबाईंना ‘थुंग शिंग’ दाखवा, खूश होतील. हे इथलं पंचांग. लग्न कधी, केस कधी कापायचे, चूल कधी हलवायची, सगळं त्यात. मूळ नाव ‘थुंग श्यू’, पण कँटनीजमध्ये ‘श्यू’ म्हणजे पुस्तकही आणि हरणंही. घरात ‘सगळं हरलो’ नावाचं पुस्तक कोण ठेवणार? म्हणून ‘शिंग’, म्हणजे जिंकणं, असं नाव केलं. चारचंही तेच. ‘सेइ’ म्हणजे चार आणि मरणही. तुमचे तीन मजले त्यात गेले.


काडेपेटी | रात्री ११.४६

म्हणजे आपल्याकडे दुकान बंद करताना ‘वाढवलं’ म्हणतात तसंच. चिनी लोक आपलेच निघाले.


ठोकळा | शनिवार, सकाळी ७.२०

रेतीबंदर, लेखन छान, पण यात भाबडेपणा किती ते सांगा की. सिंगापूरचा महाकाय पाळणा घ्या, सिंगापूर फ्लायर, १६५ मीटर उंच. २००८ साली सुरू झाला. सिफू मंडळी म्हणाली, हा ज्या दिशेने फिरतो त्याने शहराची लक्ष्मी बाहेर जातेय. झालं, ऑगस्टमध्ये खर्च करून उलटा फिरवायला लावला. डिसेंबरात आग लागून तो बंद पडला आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसं सहा तास वर लटकली. लक्ष्मी आली असेल, जिना नव्हता.


चाफेकळी | सकाळी ८.०५

ठोकळा, 😂 पण मी सिंगापुरात राहते म्हणून बाजू मांडते. इथे लोक त्यावर हसतात आणि तरीही करतात. सनटेक सिटीत पाच मनोरे आहेत, डाव्या हाताच्या पाच बोटांसारखे, आणि तळहातावर कारंजं. १९९५ चं. त्याचं पाणी वर उडत नाही, बाहेरच्या कड्यावरून आत मधोमध पडतं. पाणी म्हणजे पैसा, तो आत यावा. काही ठरलेल्या वेळी मोठं कारंजं बंद करतात आणि लोक मधल्या छोट्या कारंज्याला हात लावून तीन फेऱ्या मारतात. आई-बाबा आले होते तेव्हा बाबा म्हणाले, ‘हे सगळं थोतांड आहे’ आणि पाच फेऱ्या मारल्या. दोन माझ्या भावाच्या नावाने.


पागोळी | सकाळी ९.१५

रेतीबंदर दादा, किती छान समजावलंत. नवरा वाचून म्हणाला, ‘बघ, आपण खांब आहोत.’

ताजी बातमी: आज सकाळी आजींनी खुर्चीवर चढून आरसा पुसला आणि जरासा तिरका केला. आता अगदीच आमच्या बैठकीच्या खोलीकडे बघतोय. सासूबाईंनी दुसरी लिंबू-मिरची ओवायला घेतली आहे.


गवंडीकाका | सकाळी १०.३०

मी वास्तुरचनाकार, कोथरूडला तीस वर्षं काम. वास्तुशास्त्रवाले आणि फेंगशुईवाले या दोघांनीही माझे नकाशे फाडलेत, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.

मूळ गोष्ट हवेची आहे. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात सायबेरियाकडून कोरडा, हाडं गोठवणारा वारा येतो. मग घराची पाठ उत्तरेला आणि तोंड दक्षिणेच्या उन्हाकडे, हे कोणताही शेतकरी सांगेल. त्याचंच पुढे शास्त्र झालं. मागे डोंगर, म्हणजे काळं कासव. डावीकडे हिरवा ड्रॅगन, उजवीकडे पांढरा वाघ, समोर मोकळी जागा आणि पाणी, तिथे लाल पक्षी. थोडक्यात हातांची खुर्ची. डोंगर नसेल तर? बीजिंगचा राजवाडा बघा, १४०६ ते १४२० मधे बांधला. तिथे सपाट जमीन. मग खंदकाची माती काढून राजवाड्याच्या उत्तरेला टेकडी रचली, तीच आजची जिंगशान, आणि आत शिरताच समोर धनुष्यासारखा वळलेला पाण्याचा पाट. वारा अडवला, पाणी आणलं.

आता गंमत. आपल्याकडे दक्षिणेचं दार म्हटलं की गिऱ्हाईक पळतं, यमाची दिशा. तिकडे दक्षिणेचं दार म्हणजे राजाचं दार. माझ्याकडे २००४-०५ च्या सुमारास एक जोडपं आलं होतं. साहेबांना वास्तू हवं, बाईंना फेंगशुई. एक म्हणे दार इकडून, दुसरी म्हणे तिकडून. शेवटी मी पूर्वेला दार काढून दोघांना सारखंच नाराज केलं. आजही दिवाळीला फराळ पाठवतात.

कोकणात कोण उत्तरेच्या वाऱ्याला घाबरतं? तिथे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून पडवीला त्या बाजूने झापं बांधतात. बीजिंगचं शास्त्र उचलून चिपळूणच्या घराला लावलं तर पावसाळ्यात अंथरुणं भिजतील.

पागोळी, तुमच्या घराचा नकाशा जरा सांगाल? दारातून आत पाहिलं की समोर काय दिसतं?


सुपारी | सकाळी ११.१०

आमच्याकडे चार लाफिंग बुद्धा आहेत. आपण स्वतः विकत घ्यायचा नसतो, कोणी दिला तरच लाभतो म्हणे. त्यामुळे वास्तुशांतीला तिघांनी दिले, चौथा ऑफिसच्या दिवाळीत आला. शिवाय लाल फितीत बांधलेली नाणी, तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक, आग्नेय कोपऱ्यात बांबू. पैसे? ईएमआय अजून अकरा वर्षं आहे.


रेतीबंदर | सकाळी ११.३२

सुपारी, ‘स्वतः घ्यायचा नाही’ हा नियम इथे मी पंचवीस वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. तो आपल्या भेटवस्तूंच्या दुकानदारांचा असावा. 😀 आणि तो गौतम बुद्ध नव्हेच. बुदाई नावाचा दहाव्या शतकातला भटका भिक्षू, पाठीवर कापडी झोळी टाकून हिंडायचा. पुढे लोकांनी त्याला मैत्रेयाचा अवतार मानलं. देवळात शिरताना पहिला तोच हसत बसलेला दिसतो.


रानवाटा | सकाळी ११.५०

आणि तो बांबू बांबू नाही! ड्रासिना सँडेरियाना, मूळचा मध्य आफ्रिकेतला. कॅमेरूनचं झाड, चिनी नाव, मुंबईचा कोपरा. 😄


गवंडीकाका | दुपारी १२.०४

हा ‘आग्नेय कोपरा पैशाचा, नैर्ऋत्य कोपरा प्रेमाचा’ प्रकार पुस्तकांतून आपल्याकडे आला. त्यातही एक पोटभेद आहे. लिन युन यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेत जो पंथ रुजवला त्यात होकायंत्र लागतच नाही. दारात उभं राहायचं, डावीकडचा लांबचा कोपरा पैशाचा. झालं. जुने सिफू त्याला नाकं मुरडतात. आपल्या बाजारात दोन्हींची मिसळ मिळते, तर्री वेगळी.


ठोकळा | दुपारी १२.४०

छान, छान. आता नीना वाँग यांच्याबद्दलही कोणीतरी लिहा. हाँगकाँगच्या बड्या बांधकाम घराण्याच्या मालकीण, आशियातल्या सर्वांत श्रीमंत बायकांत गणना. २००७ साली गेल्या. त्यांच्या फेंगशुईवाल्याने मृत्युपत्र पुढे केलं, सगळी इस्टेट माझ्या नावावर. २०१० साली कोर्टाने ते बनावट ठरवलं आणि २०१३ साली त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली. ‘वारा आणि पाणी’ वगैरे ठीक, पण त्या वाऱ्यावर बऱ्याच जणांच्या पवनचक्क्या फिरतात.


रेतीबंदर | दुपारी १.१५

खरं आहे, तो खटला इथे चहाच्या टपरीपासून सगळीकडे चघळला गेला. पण त्याने कोणी सिफूला बोलावणं थांबवलं नाही. आपल्याकडे एखादा बुवा आत गेला म्हणून सत्यनारायण थांबतो का?

मोठ्या इमारतींचंही सांगतो. सेंट्रलला एचएसबीसीची इमारत आहे, नॉर्मन फॉस्टर यांनी केलेली, १९८५ साली पूर्ण झाली. खालचा मजला आरपार मोकळा. समुद्राकडून डोंगराकडे वारा जावा म्हणून, असं इथला कोणीही सांगेल. त्यातून वर जाणारे सरकते जिने भिंतींना समांतर नाहीत, तिरके आहेत, सिफूच्या सल्ल्याने. (रविवारी त्याच मोकळ्या जागेत घरकाम करणाऱ्या हजारो फिलिपिनो बायका पुठ्ठे अंथरून डबे खात बसलेल्या असतात. वाऱ्याचा खरा उपयोग त्यांना.) मग १९९० मध्ये शेजारी बँक ऑफ चायनाचा मनोरा उभा राहिला. आय. एम. पेई यांची रचना, डोलकाठ्यांसह ३६७ मीटर. सगळ्या त्रिकोणी कडा, सुऱ्यांसारख्या. बाहेरून दिसणाऱ्या तुळयांच्या फुल्या अशुभ वाटतील म्हणून पेईंनी आडव्या तुळया झाकल्या आणि फुल्यांचे हिरे केले, पण कडा राहिल्याच. एक कड ब्रिटिश गव्हर्नरांच्या जुन्या निवासाकडे, गव्हर्नमेंट हाउसकडे. १९९७ नंतरचे पहिले प्रमुख तुंग ची-ह्वा तिथे राहायलाच गेले नाहीत, आणि कारण फेंगशुईचं, असं तेव्हा सगळे बोलायचे. एचएसबीसीच्या गच्चीवर खिडक्या पुसायच्या क्रेन आहेत, त्या लांबून तोफांसारख्या दिसतात. लोक म्हणतात, मनोऱ्यावर रोखल्यात.

म्हणजे पागोळीताई, तुमच्या मजल्यावर जे चाललंय ते इथे बँकाबँकांत चाललंय. उगीच कमी लेखू नका.


काडेपेटी | दुपारी १.२०

एकीकडे तोफा, एकीकडे सुऱ्या, तुमच्याकडे लिंबू-मिरची. हाँगकाँगचं संरक्षण खातं भक्कम आहे.


एकटा_जीव | दुपारी २.०५

फेंगशुईचा खरा लाभार्थी मी. २०१६ ते २०१९ हाँगकाँगला होतो. हॅपी व्हॅलीला घर बघताना एजंट एका फ्लॅटबद्दल काही बोलेचना. खिडकीतून समोर दफनभूमी. हिरवीगार, शांत, डोंगरउतारावर. शेजारच्या इमारतीपेक्षा भाडं बरंच कमी. मी तिथल्या तिथे सही केली. तीन वर्षं इतकी छान झोप कुठेच लागली नाही. घरी आईला मात्र ‘बागेसमोर’ असं सांगितलं होतं. एके दिवशी व्हिडिओ कॉलवर पडदा उघडा राहिला आणि नंतर महिनाभर हनुमान चालिसाच्या ध्वनिफिती येत होत्या.

खून किंवा आत्महत्या झालेल्या घरांना तिकडे ‘हुंग चाक’ म्हणतात. त्यांच्या याद्या नेटवर मिळतात, आणि अशा घरावर कर्ज द्यायला बँकाही कचरतात. म्हणजे भूत खरं असो वा नसो, भावात ते दिसतंच.


रानवाटा | दुपारी ३.३०

माझी दोन वर्षं तिथे डोंगर तुडवण्यात गेली. सगळे इमारतींवर बोलतायत म्हणून जंगलाबद्दल लिहितो.

न्यू टेरिटरीजमध्ये, म्हणजे हाँगकाँगच्या उत्तरेकडच्या भागात, जुन्या खेड्यांच्या मागे चंद्रकोरीसारखी दाट झाडी दिसते. पुढे भातशेती (आता बहुतेक पडीक), मग घरांच्या एक-दोन रांगा, आणि मागे उतारावर रान. त्याला फेंगशुईचं रान म्हणतात. अशी शंभराहून जास्त रानं आज शिल्लक आहेत. बाकी हाँगकाँगचे डोंगर सरपणासाठी केव्हाच बोडके झाले होते, नंतर पुन्हा झाडं लावली. ही रानं मात्र टिकली, कारण झाड तोडलं तर गावाची वाढ खुंटते अशी समजूत. ईशान्येला लाय ची वो नावाचं हाक्का लोकांचं गाव आहे. तिथल्या रानात कापराचं एक जुनं झाड आहे, एका बुंध्यातून पाच बोटांसारखे फाटे. आता चारच आहेत. पाचवा जपान्यांच्या ताब्याच्या काळात तोडला गेला आणि गावकऱ्यांनी बाकीचं झाड वाचवलं, असं सांगतात.

मी पहिल्यांदा आत शिरलो तेव्हा पाऊस नुकता थांबला होता. बाहेर घामाने निथळत होतो, आत पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला, इतका गारवा. पायाखाली पानांचा लगदा, वेलींच्या दोऱ्या, खाली वाकलं की कुजक्या पानांचा गोडसर वास. मुळशीकडच्या एका देवराईत मला हुबेहूब हाच वास आला होता. फरक एवढाच की आपल्या देवराईचा मालक देव असतो. वाळकी काडी नेली तरी तो बघून घेतो. तिथे देव नाही, फक्त गावाची जागा आणि तिच्या पाठीला हवा असलेला आधार. पण कुऱ्हाड दोन्हीकडे सारखीच थांबली.

आणि ते रान काम करतं! वादळात वारा अडवतं, उताराची माती धरून ठेवतं. ठोकळा, यावर काय म्हणणं आहे?


ठोकळा | दुपारी ४.१०

रान चांगलं, कारण चुकीचं. माती झाडं धरतात, ड्रॅगन नाही. आणि त्याच न्यू टेरिटरीजमध्ये रस्ता किंवा रेल्वे नेताना गावाची फेंगशुई बिघडते म्हणून ‘तुन फू’ नावाचा विधी करायला सरकार पैसे देतं, तेही सांगा. करदात्यांच्या खिशातून होमहवन.


रानवाटा | दुपारी ४.२५

देतं, मान्य. पण कारण चुकीचं असून चारशे वर्षं रान राखता येत असेल तर मला चालेल. बरोबर कारणं माहीत असलेल्या आपल्या शहरांनी टेकड्यांचं काय केलं, ते रोज दिसतंच आहे.


रेतीबंदर | सायंकाळी ६.००

अवांतर, पण राहवत नाही. घर, ऑफिस, बेडूक हे सगळं नंतरचं. मुळात हे शास्त्र थडग्यांचं. चौथ्या शतकातल्या गुओ पू यांच्या नावावर दफनाविषयीचा एक ग्रंथ सांगतात. त्यातलं वचन असं की प्राण वाऱ्यावर स्वार झाला की विखुरतो, पाण्याची सीमा लागली की थांबतो. फेंगशुई हे नाव तिथून. पूर्वजांची हाडं चांगल्या जागी विसावली तर पुढच्या पिढ्या फळतात.

एप्रिलच्या सुरुवातीला ‘छिंग मिंग’ असतो, थडगी झाडायचा दिवस. एकदा सहकाऱ्याने मला बरोबर नेलं. डोंगरावर, हातांच्या खुर्चीच्या आकाराची थडगी, सगळी खाडीकडे तोंड करून. गवंडीकाका म्हणाले तीच खुर्ची. जवळ मातीचे उंच रांजण. काही वर्षांनी पुरलेली हाडं काढून, पुसून, रांजणात नीट क्रमाने ठेवतात. पाय खाली, कवटी वर. तो म्हणाला, हे आजोबा. आणि रांजणावरचं गवत हाताने उपटलं. अख्खं भाजलेलं डुकराचं पिल्लू आधी आजोबांना दाखवलं, मग तिथेच बसून आम्ही खाल्लं. (मी नाही, मी संत्री.) वाडी ठेवून कावळ्याची वाट बघणाऱ्या माणसाला यात परकं काही वाटलं नाही.


सुपारी | सायंकाळी ६.१५

रांजण वाचून चहा गार झाला.


गवंडीकाका | सायंकाळी ७.४०

धागा थडग्यात उतरला, आता वर काढतो. पागोळी, तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. मी सकाळपासून एका गोष्टीवर अडलोय. तुम्ही लिहिलंय, ‘आरशात माझ्या मागे माझं अख्खं घर दिसतं.’ म्हणजे तुमचं दार दिवसा उघडं असतं? आणि दारासमोर थेट खिडकी आहे? त्या खिडकीतून काय दिसतं?


पागोळी | रात्री ८.२०

हो काका, उघडं असतं. बाहेरचं लोखंडी जाळीचं दार बंद, आतलं लाकडी दार उघडं. पुण्याची सवय, सासूबाईंना कोंडल्यासारखं होतं. दार आणि बैठकीची खिडकी एका रेषेत, मस्त आरपार वारा येतो. खिडकीतून समोरचा टॉवर दिसतो. सपाट बाजू नाही, त्याचा कोपरा. अगदी आमच्याकडेच आलेला.

अगं बाई. आत्ता कळलं तुम्ही काय म्हणताय.


गवंडीकाका | रात्री ८.२६

तेच. आधीचे भाडेकरू दार लावून राहत असतील, तेव्हा तो कोपरा तुमच्या भिंतीआड होता. तुम्ही दार उघडलंत आणि तो तुमच्या घरातून थेट आजींच्या उंबऱ्यावर पोचला. आरसा तुमच्याकडे नाही, तुमच्यातून पलीकडे बघतोय. उद्या कोणातर्फे तरी विचारून बघा.


काडेपेटी | रात्री ८.३०

काका, तुम्ही कोथरूडमध्ये वाया गेलात. पोलिसांत जा.


पागोळी | रविवार, रात्री ९.५०

मंडळी, विचारलं! मुलीच्या शाळेतल्या एका मैत्रिणीची आई इथलीच. ती दुपारी आली आणि दुभाषी झाली. आम्ही तिघी आणि आजी, पाच फुटांच्या बोळात उभ्या.

काकांचं बरोबर निघालं. कोपराच. आजींनी मला हाताला धरून माझ्याच खिडकीशी नेलं आणि तळहात कुऱ्हाडीसारखा धरून दाखवला, असा येतो, आणि आपल्या गुडघ्यावर आपटला. त्यांचा गुडघा जूनअखेरीपासून दुखतोय. आम्ही आलो जूनमध्ये. सिफूकडे गेल्या, त्याने आरसा सांगितला. काल तिरका केला तो नेम धरण्यासाठी, नाहीतर आरशातून सुटलेलं आमच्या देव्हाऱ्यावर जाईल अशी त्यांना धास्ती होती! आमचा देव्हारा त्यांना रोज दिसतो ना.

आणि लिंबू-मिरची? त्यांची समजूत अशी की सासूबाईंनाही तो कोपरा कळला, म्हणून त्यांनी आपल्या पद्धतीने बंदोबस्त केला. ‘या बाईंना कळतं,’ असं म्हणाल्या. सासूबाईंनी यावर मान डोलावली. खरं काय ते त्यांनी सांगितलं नाही, मीही नाही.

दार बंद ठेवा असं आजी म्हणाल्या नाहीत, वारा त्यांनाही लागतो. फक्त मधे काहीतरी आडोसा हवा. सासूबाईंनी त्यांची जुनी इरकल काढली, अर्धी करून दांडीवर लावली. वारा येतो, कोपरा दिसत नाही. आरसा अजून आहे, पण आता त्यात इरकलीचे काठ दिसतात.

गुडघ्याला निलगिरीचं तेलही दिलंय.


ठोकळा | रात्री १०.०५

गुडघा बरा झाला तर श्रेय कोणाला? पडद्याला, आरशाला की निलगिरीला? मी आत्ताच नोंदवून ठेवतोय: निलगिरी.


चाफेकळी | रात्री १०.१२

ठोकळा, तुम्ही सनटेकला या, पाच फेऱ्या मारून देते.


सुपारी | रात्री १०.२०

पागोळी, एक राहिलं. हाँगकाँगात ताजी लिंबू-मिरची मिळते कुठे?


पागोळी | रात्री १०.३१

मिरच्या चुंगकिंग मॅन्शनमधल्या देशी दुकानातून, लिंबं खालच्या मंडईत. शनिवारी सासूबाई दोन माळा ओवणार आहेत. एक आजींनी मागितली आहे, फक्त मिरच्या सात नकोत, आठ हव्यात म्हणतात.